सॉकेट वारंवार ट्रिप होतंय: घरभर एकच आरसीसीबी बरा की सर्किटनिहाय आरसीबीओ?

पावसाळा लागला की गोव्यातल्या कितीतरी घरांत हेच सुरू होतं. स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये काही लावलं की अख्ख्या घराची लाइट जाते. इलेक्ट्रिशियन मग दोन वाटा सुचवतो: आहे तो आरसीसीबी ठेवून दोष शोधायचा, नाहीतर प्रत्येक सर्किटला आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी दोन्हींचं काम करणारा एकच खटका, लावायचा.

खर्चाचं बोलण्याआधी डीबी, म्हणजे सगळे खटके असलेली पेटी, उघडून नक्की कोण पडलंय (ट्रिप झालंय) ते बघा. ‘टी’ बटण असलेला रुंद खटका म्हणजे आरसीसीबी. जुने मिस्त्री त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तो गळतीला, म्हणजे करंट भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागला की, पडतो. बाजूचे अरुंद एमसीबी जादा लोडला किंवा शॉर्टला पडतात. एमसीबीच पडत असेल तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. १० अँपियरच्या सर्किटवर २००० वॅटचा इंडक्शन आणि १५०० वॅटची किटली एकदम चालवली, तर १५ अँपियर ओढले जातात आणि काही मिनिटांत खटका पडतो. इथे लोड वाटून घ्या किंवा नवी लाइन ओढा. ‘३२ चा एमसीबी टाकतो, परत पडणार नाही’ असं कोणी म्हणालं तर साफ नकार द्या. एमसीबी वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की भिंतीतली वायर तापते.

आरसीसीबी पडत असेल तर गोष्ट वेगळी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की तो पडतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो आणि ही गळती घरभराची मिळून मोजली जाते. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी यांची प्रत्येकाची थोडी गळती असतेच. त्यात चिऱ्याची भिंत ओल धरते, फाटकावरच्या दिव्याच्या जोडात पाणी शिरतं, विहिरीवरच्या पंपाची केबल सोललेली असते, चवथीला रोषणाईच्या माळांची भर पडते. काठावर आलेल्या या बेरजेत शेवटी लागलेला मिक्सर निमित्त ठरतो आणि बदललं जातं बिचारं सॉकेट.

एकाच आरसीसीबीची खरी अडचण हीच. तो स्वस्त आहे, जुन्या डीबीत मावतो आणि माणसाचा जीव तो आरसीबीओइतकाच वाचवतो. पण दोष कुठे आहे ते सांगत नाही. तुम्ही गावाला गेलात आणि फाटकावरचा दिवा भिजला, तर घरातला फ्रिजही बंद पडतो.

शोध मात्र घेता येतो. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. सगळे खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझर लावल्याबरोबर नाही, पण पाणी तापताना आरसीसीबी पडला तर एलिमेंटवर संशय घ्या. कोणी हात न लावता अधूनमधून पडत असेल, तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा डीफ्रॉस्ट हीटर तपासून घ्या.

आरसीबीओ लावला की हा शोध बराचसा आपोआप होतो: दोष असलेलं सर्किटच तेवढं पडतं आणि प्रत्येक सर्किटला गळतीची स्वतःची मर्यादा मिळते. मात्र किंमत प्रत्येक सर्किटमागे मोजावी लागते, डीबी बहुधा मोठी घ्यावी लागते आणि प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतंत्र लागतो. जुन्या घरांत दोन-तीन खोल्यांचे न्यूट्रल जंक्शन बॉक्समध्ये एकत्र बांधलेले असतात. तिथे नवे आरसीबीओ दिवा लावताच पडायला लागतील आणि वायरिंग सोडवल्याशिवाय गत्यंतर नसेल.

म्हणून माझं मत असं. सुक्या, नव्या वायरिंगच्या फ्लॅटमध्ये एक आरसीसीबी ठेवून दोष दुरुस्त करा. नवं घर बांधताय किंवा वायरिंग बदलताय, तर पैसे आरसीबीओवरच घाला. सत्तरी, पेडण्याकडच्या विहीर-पंप-अंगणवाल्या जुन्या घरांत मधली वाट बरी: बाहेरचे दिवे व पंप यांना एक आणि गिझरला एक असे दोन आरसीबीओ, बाकी घर जुन्या आरसीसीबीवर. फक्त हे दोन मेन स्विचनंतर थेट, आरसीसीबीच्या आधी जोडून घ्या. आरसीसीबीच्या नंतर जोडलेत तर बाहेरच्या गळतीने आरसीसीबीही पडू शकतो आणि पैसे वाया जातात.

‘१०० मिलिअँपियरचा लावू’ किंवा ‘पाऊस संपेपर्यंत बायपास करू’ हे मात्र दोन्ही नको. १०० चा खटका आगीपासूनच्या संरक्षणाला ठीक, ओल्या हाताने गिझरला शिवणाऱ्या मुलासाठी ३० चाच हवा. आणि हे सगळं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन बंद करून, आधी मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रत्येक सर्किट मोजून घ्यायचं.