तुर्भ्याचं गॅरेज: जिप्सीची मागची थरथर आधी शोधली, मग हात लावला

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशी गाडी) असेल आणि मागून थरथरत असेल तर तुर्भे एमआयडीसीत पावणे गावाच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे, तिथे एकदा दाखवाच. नाव टाकत नाही कारण चालवणाऱ्या काकांनीच नको म्हणून सांगितलंय, आहे तेवढं काम त्यांना पुरतं. पण काम कसं केलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्ही दुसरीकडे कुठे गेलात तरी मिस्त्रीला काय विचारायचं ते कळेल.

माझी गाडी २००९ ची मारुतीची जिप्सी किंग. जिप्सी २०१९ ला बंद झाली, त्यामुळे आता शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली तर निम्म्या पोरांनी तिचा ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) उघडलेला पण नसतो. मी ठाण्यात राहतो, सुट्टीला मुरबाड, माळशेज, जव्हार असं फिरणं चालू असतं. तक्रार अशी होती की ६० ते ७० च्या मध्ये मागच्या सीटखालून थरथर यायची, स्टिअरिंग एकदम शांत पण मागे बसलेल्याच्या पायाला मुंग्या याव्यात अशी. ५० ला काही नाही, ८० च्या वर गेलं की परत कमी. आणि सुरुवातीला ती फक्त ऍक्सिलरेटर दाबला की यायची, पाय काढला की गायब. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं आहे.

आधी ठाण्यातच एका ठिकाणी दाखवली होती. तिथे गाडी टू पोस्ट लिफ्टवर चढवली, प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारी फिरती नळी) हाताने हलवून बघितला आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळते सांधे) गेलेत म्हणून दोन्ही क्रॉस बदलले. मग व्हील बॅलन्सिंग केलं, मग मागच्या चाकांची अलाइनमेंट सुचवली, आता ज्या गाडीला मागे सरळ हौसिंग (दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा ऍक्सल) आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत तिथे मागची अलाइनमेंट करायला ऍडजस्टमेंटच नसते, तरी सुचवली. क्रॉस बदलल्यावर थरथर कमी व्हायची सोडून वाढली, आता ऍक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, कायमच यायला लागली. त्यावर उत्तर मिळालं की हौसिंग खोलावं लागेल, क्राउन पिनियन (हौसिंगमधले चाकं फिरवणारे गिअर) गेला असणार. "असणार" वर मी क्राउन पिनियनचे पैसे देणार नव्हतो, गाडी तिथून काढली.

तुर्भ्याच्या काकांनी पहिल्यांदा काय केलं तर गाडीला हात न लावता अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कधीपासून, पावसाच्या आधी की नंतर, मागे लोक बसले तर वाढते की कमी होते, ब्रेक मारला की काय होतं, शेवटचं कुठलं काम झालं आणि ते झाल्यावर थरथर बदलली का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून म्हणाले, "दादा, मग हे एक दुखणं नाय, दोन असतील. एक जुनं आणि एक नंतर लागलेलं." शोधण्याचे १५०० रुपये वेगळे घेतात, हे आधीच सांगतात, सापडलं तरी आणि नाही सापडलं तरी. यावरून तिथे भांडणारे पण मी बघितले. मला हे पैसे अगदी रास्त वाटतात कारण शोधायचे पैसे मिळत असले की माणसाला उगाच पार्ट विकायची गरज राहत नाही.

मग सकाळी लवकर पाम बीच रोडला चक्कर. गाडी मी चालवत होतो, काका मागे सीटच्या पत्र्यावर तळहात टेकवून बसलेले. पाचव्या गिअरमध्ये थरथर सुरू होईल तिथे स्पीड धरायला लावला, मग तोच स्पीड चौथ्यात. इंजिनचा आरपीएम वाढला पण थरथर तशीच्या तशी. मग क्लच दाबून न्यूट्रल, गाडी नुसती घरंगळतेय, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन, क्लच, फ्लायव्हील सगळे बाद. गाडीच्या स्पीडबरोबर जे फिरतं त्यातच दोष आहे. एवढं कळायला एक पैशाचा पार्ट लागला नाही.

पुढचं त्यांनी रोडच्या कडेला थांबून समजावलं ते मला फार आवडलं. जिप्सीचं २०५/७० आर १५ टायर एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. म्हणजे ६५ च्या स्पीडला चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं आणि शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट, म्हणजे तीसच्या वर. त्यामुळे टायरची थरथर सावकाश, ढप ढप अशी अंगाला जाणवते आणि शाफ्टची बारीक, घुंई करत कानाला पण जाणवते. काका म्हणाले की तुमच्या गाडीत बारीकच जास्त आहे, पण खाली एक सावकाश लहर पण आहे, ती नंतर बघू.

गॅरेजला आल्यावर गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. मी विचारलं तर सांगितलं की लिफ्टवर बॉडी उचलली की हौसिंग खाली लोंबतं, पाट्यांवरचं वजन सुटून ते जास्त वाकतात आणि शाफ्टचा अँगलच बदलतो, मग जे रोडवर होतं ते तिथे दिसत नाही आणि जे होत नाही ते दिसतं. म्हणून त्यांनी स्टँड थेट हौसिंगखाली लावले, वजन पाट्यांवरच राहिलं. मागची चाकं काढली, ड्रम नट लावून घट्ट केले, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मग खाली वाकून टॉर्च मारून शाफ्ट बघितला.

आणि तिथेच पहिलं दुखणं सापडलं. शाफ्टच्या दोन टोकांना जे दुबेळके असतात, ज्यात क्रॉस बसतो, ते दोन्ही एका रेषेत पाहिजेत. काकांनी शाफ्टच्या नळीवर खडूने सरळ रेघ मारली, एक टोक रेघेवर आणि दुसरं थोडंसं तिरकं, मला पण उघड्या डोळ्यांनी दिसलं. मधला सरकता जॉईंट क्रॉस बदलताना वेगळा काढला होता आणि परत बसवताना स्प्लाइनचा (एकमेकांत बसणाऱ्या खाचांचा) दाता चुकला. शाफ्टवर जुळवायची खूण असते, ग्रीस-मातीखाली होती, कोणी पुसून बघितलीच नाही. आता याने का थरथरतं, तर क्रॉस जॉईंट अँगलमध्ये फिरला की एका फेरीत दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो. पुढच्या जॉईंटने केलेली ही ओढाताण मागचा जॉईंट भरून काढतो, पण ते कधी तर दोन्ही दुबेळके जुळलेले असतील आणि दोन्हीकडचा अँगल सारखा असेल तेव्हाच.

माझ्याकडे काढलेले जुने क्रॉस डिकीत होते. काकांनी त्यातल्या एकाची टोपी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवली, मग माझ्या हातात दिली, म्हणाले तुम्ही फिरवा, कुठे अडकतंय का सांगा. कुठेच नाही. आतल्या सुया चकचकीत, गंज नाही, खाच नाही. चांगले क्रॉस काढून टाकलेले होते.

दाता जुळवून बसवला, परत चक्कर, कायमची घुंई गेली आणि मूळची, फक्त ऍक्सिलरेटरवाली उरली. इथे त्यांनी जे केलं ते फक्त फोर बाय फोर मध्येच करता येतं. मागचा शाफ्ट दोन्ही फ्लँजचे (टोकाच्या चकत्यांचे) बोल्ट खोलून पूर्ण काढून टाकला, पुढचे हब लॉक केले (म्हणजे पुढची चाकं जोडली), फोर हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकला आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर काढली. मागची चाकं, हौसिंग, पिनियन सगळं फिरतंय, गिअरबॉक्स ते ट्रान्सफरचा छोटा शाफ्ट पण फिरतोय, फक्त मागचा शाफ्ट नाही. घुंई शून्य. म्हणजे क्राउन पिनियन ज्याच्यासाठी हौसिंग खोलणार होते त्याच्यावरचा संशय एका चक्करमध्ये बराच कमी झाला. तुम्ही कोणी हे करून बघणार असाल तर एक सांगतो, शाफ्ट काढलेला असताना ट्रान्सफर टू मध्ये (फक्त मागच्या चाकांवर) असेल तर गिअरमध्ये ठेवूनही गाडी धरत नाही, चाकाला दगड लावल्याशिवाय खाली उतरू नका.

आता शाफ्ट सरळ, क्रॉस नवे, तरी लोड आला की थरथर, तर अँगल बिघडतोय. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, वेगळा, चॅसीला तीन रबरी माउंटिंगवर लटकलेला असतो. वरून तिन्ही धडधाकट दिसत होते. काकांनी ट्रान्सफरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच दाब दिला तर एका माउंटिंगचं रबर बोट जाईल एवढं उघडलं, सोडलं की परत मिटलं. ऍक्सिलरेटर दाबला की ट्रान्सफर त्या बाजूने उचलला जायचा, शाफ्टच्या पुढच्या टोकाचा अँगल बदलायचा आणि थरथर सुरू, पाय काढला की जागेवर. पहिल्या दिवसापासूनची तक्रार हीच होती आणि गाडी स्वतःच सांगत होती.

तिन्ही माउंटिंग बदलले, ओरिजिनल यायला थोडा वेळ गेला. बसवल्यावर अँगल मोजायच्या चुंबकवाल्या मीटरने ट्रान्सफरचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज मोजून मला आकडे दाखवले, दोन्हीत एका डिग्रीपेक्षा कमी फरक. शाफ्ट बॅलन्सिंगला कळंबोलीला पाठवू का विचारलं तर म्हणाले काय गरज नाय, नळीला चेप नाही, वेल्ड केलेलं वजन जागेवर आहे, कशाला पैसे घालवता.

खालची सावकाश लहर टायरची निघाली. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले तर थरथर स्टिअरिंगमध्ये आली, म्हणजे टायरबरोबर जागा बदलली. रिमच्या आत वाळलेला चिखल खरवडून परत बॅलन्स केलं, बरीच कमी झाली, पण टायरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. बदलायचेच आहेत.

बिल माउंटिंग, लेबर आणि शोधण्याचे धरून पाच हजारांच्या आत, आधीच्या ठिकाणी याच्यापेक्षा जास्त जाऊन त्रास वाढला होता.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. काका फोन उचलत नाहीत, मेसेजला संध्याकाळी उत्तर देतात. बसायला जागा नाही, पावसात गल्लीत पाणी साचतं, गाडी घ्यायला-सोडायला माणूस येत नाही. दिलेली तारीख हमखास पुढे जाते, त्यामुळे ट्रिपच्या आदल्या आठवड्यात गाडी टाकू नका. बिल हाताने लिहिलेलं असतं, पण कुठला पार्ट का बदलला ते त्यावर मराठीत लिहून देतात. ऑटोमॅटिक आणि नवीन मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या) एसयूव्ही घेत नाहीत, जिप्सी, जुनी थार, बोलेरो, जुनी सफारी अशा चॅसीवाल्याच.

जाताना आधीची बिलं आणि काढलेले जुने पार्ट सोबत न्या, ते दोन्ही मागतातच. आणि सकाळी नऊच्या आत पोचा, ठाणे-बेलापूर रोडला ट्रॅफिक लागायच्या आत टेस्ट ड्राइव्ह झाली पाहिजे, नाहीतर ६५ चा स्पीड मिळतच नाही आणि दिवस फुकट जातो.