रोबोकॉप २०१४: सूट काळा, पिक्चर फिका

जुना रोबोकॉप १९८७ चा, दिग्दर्शक पॉल व्हरहोवनचा. गोष्ट अशी, मर्फी नावाचा पोलीस हल्ल्यात संपतो आणि एक कंपनी त्याच्यातून अर्धा माणूस, अर्धा रोबो असा पोलीस बनवते. आमच्याकडे तो पिक्चर थेटरात कोणी पाहिला नाही, व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि पंचवटीत काकांच्या घरी अख्खा वाडा एका खोलीत दाटीवाटीने बसला होता. म्हणून २०१४ चा रिबूट, म्हणजे तीच गोष्ट नव्याने काढलेली, मी मुद्दाम टाळत आलो होतो, परवा भाच्याने ओटीटीवर लावलाच, म्हटलं बघू, आणि आता बघितलाय तर लिहूनच टाकतो.

आधी चांगलं सांगतो. डॉक्टरच्या रोलमध्ये गॅरी ओल्डमन आहे, तो कुठेही असला की निम्मे पैसे वसूल. आणि एक सीन खरंच खतरनाक जमलाय, मर्फीला आरशासमोर ठेवून अंगावरचे पार्ट एकेक करून काढत जातात आणि शेवटी माणूस म्हणून उरतं काय तर चेहरा, वर-खाली होणारी फुप्फुसं आणि एक हाताचा पंजा, बस. भाच्याचा चिवड्याचा हात तोंडापाशीच थांबला.

पण पिक्चर काय एका सीनवर चालत नाही ना भो.

जुन्याची खरी मजा गोळीबारात नव्हती, रोबोकॉप बनवणाऱ्या त्या कंपनीच्या कारभारात होती. मी सातपूर एमआयडीसीत नोकरी करतो त्यामुळे मला ती जरा जास्तच कळते. बोर्डरूममध्ये नव्या रोबोचा डेमो चाललाय, ज्युनिअरच्या हातात पिस्तूल देतात, रोबो म्हणतो २० सेकंदात खाली टाक, तो बिचारा टाकतो, तरी रोबो त्याला भर मीटिंगमध्ये चाळणी करतो. आणि साहेब काय म्हणतात, तर ग्लिच आहे! मेला त्याचं कोणाला काही नाही, प्रोजेक्ट लांबला याचं टेन्शन. हे बघून हसायचं की घाबरायचं ते कळत नाही, आणि तीच तर गंमत आहे. नव्यात याच्या जागी सॅम्युअल जॅक्सन टीव्ही अँकर बनून ओरडतो, म्हणजे आता उपरोध चाललाय बरं का, हे प्रेक्षकाला हाताला धरून सांगायचं. जुन्यात नुसत्या बातम्यांच्या मध्ये जाहिरात यायची, घरातली मंडळी टेबलाभोवती बसून अणुयुद्धाचा खेळ खेळतायत, कोणी काही समजावत नव्हतं.

आणि शेवट! जुन्या रोबोकॉपमध्ये एक गुपचूप घातलेली चौथी सूचना असते, कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर कारवाई करायची नाही. व्हिलन डिक जोन्स सगळ्यांसमोर म्हाताऱ्या मालकाच्या डोक्याला पिस्तूल लावून उभा आहे आणि आपला हिरो समोर असून काही करू शकत नाही. मग मालक काय करतो? जोन्सला जागच्या जागी नोकरीवरून काढतो. नोकरी गेली, संरक्षण गेलं, रोबोकॉप थँक्यू म्हणतो आणि धाड धाड. काय डोकं लावलंय राव! नव्यात पण तसंच कुलूप आहे, हाताला लाल पट्टा असेल त्याच्यावर गोळी चालवता येत नाही. आणि ते उघडतं कसं? मर्फी दात-ओठ खाऊन खूप जोर लावतो. झालं. इच्छाशक्ती. मग ते कुलूप लावलं कशाला होतं?

सूट काळा केलाय ते एकवेळ चालेल, कारण पिक्चरमध्येच कंपनीचा साहेब झालेला मायकेल कीटन काळा करा म्हणतो तेव्हा तो मार्केटिंगचा जोक आहे हे कळतं. पण रक्त गायब, पीजी १३ या अमेरिकन रेटिंगसाठी, म्हणजे पोरासोरांनाही बघता यावा म्हणून, सगळं धुऊन पुसून घेतलंय. जुन्यात मर्फीला गुंड गोळ्या घालून मारतात तो सीन आजही पूर्ण बघवत नाही, इथे गाडीत बॉम्ब फुटतो आणि कट.

भाचा म्हणाला, "मामा, पण जुन्यात तो बोर्डरूमवाला मोठा रोबो किती अडखळत चालतो." अडखळतो कारण फिल टिपेटच्या टीमने तो मॉडेल हाताने एकेक फ्रेम हलवून शूट केलाय. त्याला म्हटलं अरे आपण नाशिकचे, दादासाहेब फाळकेंनी राजा हरिश्चंद्रच्या आधी मटाराचा कोंब उगवताना असाच थोडा थोडा शूट केला होता, पांडवलेणीला स्मारकात जातोस ते काय फक्त कारंजं बघायला? यावर त्याने मोबाईल काढला. असो. पण जिन्यावरून तो रोबो गडगडत खाली येतो आणि उताणा पडून किंचाळतो तिथे मात्र हाच भाचा लोळून हसला, नव्यातले चकाचक कॉम्प्युटरवर बनवलेले रोबो तेहरानच्या रस्त्यावर पूर्ण वेळ फिरले तरी त्याचा चेहरा हलला नव्हता.

पाचपैकी दोन स्टार, त्यातला दीड त्या आरशाच्या सीनला. जुना लावणार असाल तर लहान पोरांना आधी झोपवा.