नेट स्लो चालतंय: प्लॅन वाढवायचा, राऊटर बदलायचा की वायर ओढायची?

घरातल्या कॉम्प्युटरवर नेट रखडायला लागलं की पहिला फोन केबलवाल्याला जातो आणि तिकडून बहुतेक वेळा एकच सल्ला येतो: प्लॅन वाढवून घ्या. पन्नास एमबीपीएसचा शंभर, शंभरचा दोनशे. महिन्याला शे-दोनशे रुपये जास्त, वर १८ टक्के जीएसटी, आणि तेही कायमचे. तेवढ्याच पैशांत दुसरं काय करता येतं ते शेजारी मांडून पाहिल्याशिवाय हा खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझं मत आधीच सांगतो. घर जुनं असेल, राऊटर पुढच्या खोलीत आणि कॉम्प्युटर दोन भिंती ओलांडून मागे किंवा माडीवर असेल, तर वाढीव प्लॅनपेक्षा लॅनची वायर, म्हणजे राऊटरपासून थेट कॉम्प्युटरपर्यंत ओढलेली नेटची वायर, जास्त देते. पण हे सगळ्या घरांना लागू नाही, म्हणून आधी एक चाचणी करा.

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप राऊटरजवळ नेऊन छोट्या वायरने थेट जोडा. घरातले मोबाइल आणि टीव्ही तेवढ्यापुरते नेटवरून काढा. स्पीड टेस्ट एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास घ्या. मग कॉम्प्युटर नेहमीच्या जागी ठेवून, नेहमीच्या वायफायवर तीच टेस्ट. टेस्टची साइट बऱ्याचदा जवळचा, कधी कधी तुमच्याच कंपनीचा सर्व्हर निवडते आणि आकडा छान येतो, म्हणून एखादी फेरी मुंबईचा किंवा पुण्याचा सर्व्हर निवडून करा. आणखी एक गोष्ट, जिच्यावरून उगाच भांडणं होतात: प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो बहुधा मेगाबाइटचा. आठ बिटचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीने उतरत असेल, तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

वायरवर आकडा प्लॅनएवढा आणि नेहमीच्या जागी त्याच्या निम्माही नाही, तर कंपनीचा दोष नाही. स्पीड तुमच्या घरातच गळतोय. वाढीव प्लॅन घेतलात तरी तिथेच गळणार.

तो का गळतो, हे सोलापुरातल्या घरांकडे पाहिलं की कळतं. गावातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगडाच्या, हातभर जाड. पूर्व भागात घराला लागूनच मागाचा कारखाना, वर पत्रे. जुळे सोलापुरात आरसीसीचे स्लॅब. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. दाट गल्लीत दहा घरांचे राऊटर या तिघांत कोंबलेले असतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याच्या आसपास चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा कितीतरी वेगवान आणि मोकळा, पण जाड भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. पत्र्याचं तर सांगायलाच नको, धातू लहरी परतवून लावतो. पत्र्याच्या माडीवरच्या खोलीत खालून वायफाय नीट पोहोचेल ही आशा सोडलेली बरी.

वायरला यातलं काहीच आड येत नाही. कॅट ५ई या प्रकारच्या लॅन वायरवरून १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, जातं, आणि आपल्या घरात वीस-पंचवीस मीटरच्या वर क्वचितच लागते. वायर, दोन जॅक आणि खिळ्याच्या क्लिपा मिळून खर्च साधारण हजाराच्या आत, एकदाच. पिंग, म्हणजे सर्व्हरकडे जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, तोही स्थिर होतो, त्यामुळे मुलांचा ऑनलाइन क्लास किंवा पुण्याच्या ऑफिसची मीटिंग मध्येच गोठत नाही. अडचण एकच: भिंतीला भोक पाडावं लागतं. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. नाही म्हणाले, तर दाराच्या चौकटीच्या कडेने चपटी वायर नेता येते.

मग राऊटर कधी बदलायचा? घरात कॉम्प्युटर एकच, पण मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉप मिळून सात-आठ जोडण्या असतील, तर राऊटरवरचा खर्च सगळ्यांना लाभतो, वायरचा एकट्या कॉम्प्युटरला. कनेक्शनसोबत आलेला जुना राऊटर फक्त २.४ वर चालणारा असेल, तर दोन्ही पट्ट्यांचा घ्या. घेताना खोक्यावर गिगाबिट पोर्ट (वायर लावायची खाच) लिहिलंय का ते नक्की बघा. स्वस्त राऊटरचे पोर्ट अनेकदा १०० मेगाबिटचेच असतात. त्यावर दोनशेचा प्लॅन लावला तरी प्रत्यक्षात ९४-९५ च्या पुढे आकडा जात नाही, आणि मग दोष कंपनीला जातो. नवा राऊटर घेण्याआधी आहे तोच उघड्यावर, उंचावर ठेवून पाहा. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा तिथे राऊटर तापून आपोआप बंद-चालू होऊ शकतो.

डेस्कटॉपला लावलेलं छोटं वायफाय डोंगलही तपासा. ते जुनं, एका पट्ट्याचं असेल तर राऊटर कितीही भारी आणा, उपयोग नाही.

रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारी डबी, मात्र मी सुचवत नाही. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. मोबाइलला रेंजच्या पूर्ण काड्या दिसतात, हाती काही लागत नाही. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदलण्याचा उपाय फुकट आहे, करून पाहा. पान उघडायला लागणारा पहिला क्षण थोडा कमी होईल, डाउनलोड वाढणार नाही.

आता दुसरा निकाल: राऊटरला थेट वायर लावूनही आकडा कमी. सकाळी ठीक आणि रात्री पडत असेल, तर पुढची लाइन गर्दीने भरतेय. महिन्याच्या शेवटीच पडत असेल, तर डेटाची मर्यादा संपली का ते कंपनीच्या ॲपमध्ये बघा. दिवसभर कमीच असेल, तर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फायबरच्या डबीवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल, तर फायबर कुठेतरी तुटलेली किंवा फारच दुमडलेली असते. दारात चेपलेली किंवा खिळ्याला करकचून बांधलेली फायबर तिथेच सापडते.

कनेक्शनच बदलायचं ठरलं, तर घरापर्यंत आलेली फायबर पहिली पसंती ठेवा. कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंतच्या फायबरवर मधले फाटे बहुधा विजेविना चालतात. त्यामुळे लाइट गेली तरी घरातल्या इन्व्हर्टरवर नेट सुरू राहण्याची शक्यता जास्त. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत फायबर आणि पुढे लॅन वायर अशा जोडणीत मधल्या पेटीला वीज लागते. तिथली लाइट गेली की तुमच्या इन्व्हर्टरचा उपयोग शून्य. घेण्याआधी हा प्रश्न स्पष्ट विचारा. ५जी एअर फायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं नेट, शहराबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये, जिथे फायबर पोहोचलेलीच नाही, तिथे चांगला मार्ग आहे. पण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याला होम मैदानावर लोटणारी गर्दी डोळ्यांसमोर आणा आणि त्या परिसरात राहत असाल तर महिन्याभराचा प्लॅन घेऊनच आजमावा.

तिसरा निकालही असतो: स्पीड टेस्ट उत्तम, तरी पान उघडताना गोल फिरतच राहतं. टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर नेटचा काही संबंध नाही, जुनी हार्ड डिस्क धापा टाकतेय. तिथे तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवणं हाच खरा उपाय. याच खिडकीत नेटवर्कचा रकानाही पाहा. फोटोंचा बॅकअप किंवा विंडोजचा अपडेट मागे मुकाट्याने लाइन खात असतो.

वायर ओढून घेतलीत, तर माणूस जाण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. गिगाबिटला वायरीच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट दोनच जोड्यांवर चालतं. त्यामुळे जॅक वायरीवर नीट दाबून बसवलेला (क्रिंप) नसेल तरी नेट चालू होतं आणि कुणाला शंका येत नाही. दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट असूनही तिथे १०० दिसलं, तर जॅक कापून पुन्हा लावायला सांगा आणि १००० दिसल्यावरच पैसे द्या.