वुड स्टोव्ह घ्यायचाय: कॅटॅलिटिक की साधा?

अमेरिकेच्या थंड ईशान्येला, व्हरमाँट, मेनकडे घर घेतलं की पहिल्या थंडीतच हा प्रश्न समोर येतो. धूर कुठला कमी करतो, यावर फार डोकं खपवू नका. मे 2020 पासून अमेरिकेत नव्या स्टोव्हला धुरातल्या कणांची ताशी 2 ग्रॅम मर्यादा आहे (नेहमीच्या सरपणावर चाचणी घेतली असेल तर 2.5), आणि ती दोन्ही प्रकारांना पाळावीच लागते. फरक कळतो तो घरी आणल्यावर.

धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. साध्या स्टोव्हमध्ये वरच्या नळ्यांतून तापलेली हवा सोडून तो जाळतात. त्यासाठी आत 1,100 अंश फॅरनहाइटच्या आसपास धग लागते, म्हणजे जाळ मोठाच ठेवायचा. कॅटॅलिटिकमध्ये धूर मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून जातो. तिच्यावर प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा लेप असल्याने तो 500-600 अंशांनाच पेट घेतो. म्हणून हवा आवळून रात्रभर मंद आच ठेवता येते आणि सकाळी निखारे शिल्लक असतात. मला विचाराल तर हे सुख मोठं आहे.

पण जाळीचे नखरे आहेत. आधी बायपासची झडप (धूर जाळीतून न नेता थेट धुराड्यात सोडणारी) उघडी ठेवून आग तापवायची, थर्मामीटर 500 च्या वर गेला की झडप बंद. सरपण घालताना पुन्हा उघडायची. ओलं लाकूड टाकलंत तर वाफेच्या झटक्याने सिरॅमिकच्या जाळीला तडा जाऊ शकतो. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. आणि आपल्या बंबात जे हाताला लागेल ते घालायची सवय इथे विसरा: रंगवलेली फळी, चकचकीत कागद, कचरा यांनी लेप निकामी होतो आणि धुऊन परत येत नाही.

जाळी लाल दिसत नाही म्हणून घाबरू नका, मंद आचेवर ती काळीच असते. धुराड्याकडे बघा. आग नीट तापलेली, झडप बंद आणि तरी दाट धूर येत असेल, तर जाळी तपासायची. स्टोव्ह पूर्ण थंड करून मऊ ब्रशने राख झाडायची. तारेचा ब्रश लावला की लेप खरवडला जातो. एवढ्याने भागलं नाही आणि कंपनीच्या पुस्तिकेत चालत असेल, तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेऊन अर्धा तास उकळतात, मग दोनदा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात. तरीही जाळी झिजतेच, आणि काही हिवाळ्यांनी नवीसाठी दोन-चारशे डॉलर मोजावे लागतात. सिरॅमिकपेक्षा स्टीलची लवकर पेटते, पण सहसा महाग पडते.

साध्याला वाळलेलं सरपण लागतंच, पण जाळीची ही कटकट नाही. क्वचित आत जाळावर बसवलेला आडवा पडदा फुटला तर बदलायचा, एवढंच. धुराडं मात्र दोन्हींचं वर्षातून एकदा साफ करून घ्यायचंच.

घर रोज, दिवसरात्र लाकडावरच तापवणार असाल आणि वर्षभर आधी फोडून वाळवलेलं सरपण शेडमध्ये असेल, तर कॅटॅलिटिक घ्या. फक्त शनिवार-रविवारी शेकोटीची हौस असेल, किंवा घरातला प्रत्येक जण येताजाता एक ओंडका ढकलणार असेल, तर साधाच बरा. पाहुण्यांना झडप समजावत बसावं लागत नाही.