लाल पट्टा दिसेना म्हणून लाइटच्या चिप बदलल्या : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्याकडे चार फुटी टँक आहे, 48 बाय 18 बाय 18 इंच, म्हणजे काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर. त्यात डेनिसन बार्बचा सात माशांचा थवा. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला हा मासा. 2013 मध्ये त्याच्या वंशाचं नावच 'सह्याद्रिया' ठेवलं गेलं. चांदीसारखं अंग, मधून जाणारी काळी रेघ आणि तिच्या वर नाकापासून निम्म्या अंगापर्यंत रक्तासारखा लाल पट्टा. हा मासा पाळायचा तो त्या पट्ट्यासाठी. आणि माझ्या टँकमध्ये दोन वर्षं तो पट्टा विटकरी दिसत होता.

मी आधी खाद्याला दोष दिला, मग पाण्याला. लाइटकडे लक्ष गेलं ते मार्चमध्ये तो बिघडला तेव्हा. लाइट नेहमीचाच : अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, 108 पांढऱ्या आणि 36 निळ्या एलईडी चिप, निळ्याला वेगळा स्विच. एका सकाळी शेजारशेजारच्या तीन पांढऱ्या चिप बंद. विकणाऱ्याकडे नेला तर त्याने झाकण न उघडताच सांगितलं, "साहेब, पाणी गेलंय आत, वॉरंटीत बसत नाही. बोर्डचा पूर्ण सेट बदलावा लागेल, 3,800." नवा लाइट मी 5,200 ला घेतला होता. पाणी कुठे दिसतंय ते दाखवा म्हटलं, तर दाखवायला तयार नाही. मला याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

घरी आणून उघडला. आत पाण्याचा थेंब नव्हता. तीन-तीन चिप एकामागोमाग एका रेझिस्टरसोबत (करंट आवरणारा छोटा भाग) जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की तिघी बंद. मधल्या चिपच्या पिवळ्या तोंडावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. बिघाड एवढाच! दीड-दोन रुपयांच्या चिपसाठी 3,800 मागितले होते. उघडलाच आहे तर रंगाचंही बघू, असं तेव्हा ठरवलं.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्या. या चिप अ‍ॅल्युमिनियमच्या बोर्डवर असतात आणि तो बोर्ड उष्णता इतकी भराभर ओढतो की 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने चिपखालचं सोल्डर वितळतच नाही. मी पहिल्या संध्याकाळी तीन चिपची प्लास्टिकं जाळली. शेवटी कामी आली जुनी इस्त्री. ती दोन विटांमध्ये उलटी बसवली, बोर्ड बॉडीपासून सोडवून तिच्यावर ठेवला, बटण शेवटच्या खुणेवर. शिशाचं सोल्डर 183 अंशांना वितळतं, कारखान्यातलं बिनशिशाचं साधारण 217 ला, त्यामुळे धीर धरावा लागतो. पाच-सहा मिनिटांनी चिपच्या कडेचं मळकट सोल्डर एकदम आरशासारखं चमकतं. तोच क्षण. चिमट्याने जुनी चिप उचलायची, नवी ठेवायची आणि किंचित ढकलायची. खालचं पातळ सोल्डर तिला आपोआप जागेवर ओढून घेतं. वरच्या मऊ सिलिकॉनला चिमटा लावायचा नाही, कडेने धरायचं. प्लस-मायनस आधी पाहून ठेवा, गरम बोर्डावर विचार करायला वेळ नसतो. खिडकी उघडी ठेवा, आणि ती इस्त्री पुन्हा कपड्यांना वापरू नका.

आता रंग. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल चिप आणल्या. टँकमधल्या झाडांना लाल लागतो, पट्टाही लालच, म्हणजे काम झालं, असा माझा हिशोब. निळ्याच्या बारा ओळींत प्रत्येकी एक निळी काढून एक लाल बसवली. पहिल्या रात्री पट्टा खरोखर पेटल्यासारखा दिसला. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले आणि लाल चिप टाकाच असं दोघातिघांना सांगितलंही. तो सल्ला मी आज मागे घेतो.

कारण पहिलं, गणित. पांढरी किंवा निळी चिप साधारण 3.2 व्होल्ट घेते. तीन मिळून 9.6, उरलेले 2.4 व्होल्ट 39 ओहमच्या रेझिस्टरवर, म्हणजे साधारण 61 मिलीअँपिअर. लाल चिप जेमतेम 2.1 व्होल्ट घेते. मग रेझिस्टरवर 3.5 व्होल्ट येतात आणि करंट जातो 90 वर. चिप 60 मिलीअँपिअरची. तीन आठवड्यांत लाल चिप मंद झाल्या, दोन गेल्या. रेझिस्टर 56 ओहमचा केला, करंट 62 वर आला, तेव्हापासून एकही गेलेली नाही. त्या चपट्या रेझिस्टरवर '390' लिहिलेलं असतं ते तीनशे नव्वद नव्हे, 39 ओहम. शेवटचा आकडा शून्यं किती ते सांगतो. 56 साठी '560' शोधा. (कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरचा, म्हणजे करंट स्वतःच कायम ठेवणारा लाइट असेल तर ही भानगड नाही, फक्त एकूण व्होल्टेज ड्रायव्हरच्या मर्यादेत राहतंय ना ते बघा.)

दुसरं कारण आईने सांगितलं. जेवताना टँककडे बघून म्हणाली, "अरे, मासे जांभळे का झालेत? आणि वाळूला काय लावलंयस?" वाळू गुलाबी झाली होती. चांदीचं अंग वांग्याच्या सालीसारखं. पट्टा लाल दिसावा म्हणून मी बाकी सगळ्या माशाचा रंग बिघडवला होता. शिवाय 660 चा लाल आपल्या डोळ्याला फार कमी दिसतो, 555 च्या हिरव्याच्या तुलनेत साधारण 6 टक्के. नुसतं बघण्यासाठी लाल हवा तर 630 चा कितीतरी उजळ वाटतो.

मग जूनमध्ये नीट वाचायला बसलो आणि मूळ दुखणं सापडलं. पांढरी चिप म्हणजे आत निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलणारा थर. डोळ्याला ते पांढरं वाटतं, पण त्यात गडद लाल जवळजवळ नसतोच. खोक्यावर 6500 किंवा 10000 केल्व्हिन मोठ्या अक्षरांत छापतात. त्यावरून प्रकाश पिवळट की निळसर एवढंच कळतं. रंग किती खरे दिसतील ते सीआरआय (कलर रेंडरिंग इंडेक्स) सांगतो, आणि तोही चाचणीच्या पहिल्या आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लालचा आकडा, आर9, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणून 80 सीआरआयच्या चिपचा आर9 शून्याच्या आसपासही असू शकतो. माझा पट्टा दोन वर्षं तिथेच हरवला होता. मासे विकणाऱ्यांनी, लाइट विकणाऱ्यांनी, कुणीच हे सांगितलं नाही. लाल माशासाठी लाइट घेणाऱ्याला आधी हाच आकडा सांगायला हवा!

जुलैमध्ये 95 सीआरआयच्या, 5000 केल्व्हिनच्या शंभर चिप 460 रुपयांना मागवल्या. पांढऱ्या 108 पैकी 54 बदलल्या, एक आड एक ओळ. व्होल्टेज तेच, त्यामुळे रेझिस्टरला हात नाही. उजेड थोडा कमी झाला, कारण जास्त सीआरआयची चिप तेवढ्याच विजेत कमी उजेड देते. पण वाळू वाळूच्या रंगाची, अंग चांदीचं आणि पट्टा लाल! शेपटीवरच्या काळ्या पट्ट्यांजवळची पिवळी झाक तर मी पहिल्यांदा पाहिली. रोटाला या पाणवनस्पतीचे शेंडे आधीपासूनच तांबूस होते, ते आता दिसायला लागले. झाडं जास्त वाढली का? मला तरी फरक वाटला नाही. लाइट आधीही आठ तास होता, आताही आठ तास. काचेवरचं हिरवं शेवाळही तेवढंच.

एक चूक महागात पडली. झाकण बंद करताना टँकला वापरून उरलेलं सिलिकॉन लावलं. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, तो अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा. भर पावसाळ्यात ते आत कोंडलं आणि सप्टेंबरमध्ये उघडलं तर वायरींच्या टोकांच्या तांब्यावर हिरवा थर. चार टोकं घासून पुन्हा जोडली. इलेक्ट्रॉनिक्सवर न्यूट्रल क्युअरचंच सिलिकॉन वापरा, वास न येणारं. बोर्डामागची थर्मल पेस्टही (उष्णता बॉडीकडे नेणारी) नवी लावा. वायरला प्लगच्या खालपर्यंत झोल द्या, म्हणजे थेंब वायरवरून आला तरी प्लगमध्ये न जाता खाली पडेल. आणि टँकवर काच हवीच. डेनिसन उडी मारतो, आणि लाइटवर पाणी उडतं तेही थांबतं.

एकूण खर्च 1,140 रुपये, त्यात वाया गेलेल्या लाल चिपसुद्धा. नोव्हेंबरमध्ये आणखी एक पांढरी गेली, जुन्यांपैकी. इस्त्री काढली, वीस मिनिटांत बदलली. निळा-लाल स्विच मी आता फक्त रात्री अर्धा तास लावतो. त्या बारा ओळीही 95 च्या करायच्या आहेत, पण मग 36 चिप लागतील आणि रेझिस्टर पुन्हा 39 चे. पाकिटात 45 उरल्यात. पुरतील.