परफ्युमेरियास अव्हेनिदाच्या मॅचेस मुलींना दाखवल्या, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा मिक्सरचा किंवा हॉटेलचा रिव्ह्यू नाही. मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते आणि शाळा सुटल्यावर मुलींचं बास्केटबॉल घेते, आणि जूनपासून चार महिने आमचं ग्राउंड म्हणजे नुसता लाल चिखल, बॉल आपटला की उडत नाही, रुततो. यंदा त्या चार महिन्यांत प्रॅक्टिसऐवजी मॅचेस दाखवायच्या ठरवलं. फिबा म्हणजे बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या यूट्यूब चॅनलवर युरोलीग विमेनच्या, म्हणजे युरोपातल्या बायकांच्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, जुन्या मॅचेस पूर्ण बघायला मिळतात, फुकट, त्यातून मी परफ्युमेरियास अव्हेनिदा ही स्पेनची टीम निवडली. ज्यांच्या गावात मुली खेळतात पण दाखवायला कोण नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

नाव सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, ह्यां अत्तराचां दुकान आसा काय?" आणि खरंच आहे! अव्हेनिदा हा क्लब, 1988 मध्ये सुरू झालेला, आणि पुढे लागलेलं नाव स्पॉन्सरचं, परफ्यूमच्या दुकानांची चेन आहे ती. गाव सलामान्का, 1218 पासूनच्या युनिव्हर्सिटीसाठी प्रसिद्ध. लोकवस्ती दीड लाखाच्या आत, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या जेमतेम दुप्पट धरा. माद्रिद नाही, बार्सिलोना नाही. आणि त्या एवढ्याशा गावाची मुलींची टीम अख्ख्या युरोपची चॅम्पियन झालेली आहे. मी ही टीम निवडली त्याचं खरं कारण हेच. आमच्या मुलींना मोठ्या शहरातलं काही दाखवलं की त्या लगेच म्हणतात, तेंचां वेगळां आसता.

थोडा इतिहास सांगते कारण तो माहीत असला की मॅच बघायला दुप्पट मजा येते. 2009 ला युरोलीगची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीमची फेरी, सलामान्कातच होती, घरच्या लोकांसमोर, आणि अव्हेनिदा फायनल हरली, स्पार्टाक मॉस्को रिजन या टीमशी. ही स्पार्टाक 2007 ते 2010 सलग चार वर्षं चॅम्पियन. मग 2011 ला परत तीच स्पार्टाक समोर, आणि यावेळी रशियातच, येकातेरिनबुर्गला. अव्हेनिदा 68-59 ने जिंकली. घरात हरल्या आणि दोन वर्षांनी त्यांच्या घरी जाऊन जिंकल्या. हे मी ओटीवर बसून सांगत होते तेव्हा एकसुद्धा मुलगी हलली नाही, बाहेर पागोळ्यांचा आवाज तेवढा. स्पॅनिश लीगचं म्हणाल तर पहिली 2006 ला, पुढे 2016, 17, 18 अशी सलग तीन.

आम्ही बघितली ती 2021 ची युरोलीग फायनल, इस्तंबूलची, येकातेरिनबुर्गच्या टीमविरुद्ध. अव्हेनिदा हरली, 78-68. हरलेली मॅच का दाखवली असं आमच्या एका सरांनी विचारलं. मला ती मुद्दाम दाखवायची होती. समोर ब्रिअना स्टीवर्ट, सहा फूट चार इंच, त्या फायनल फोरची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तीच. टीमचं बजेट, उंची सगळंच जास्त. आणि अव्हेनिदाकडून बॉल वर आणणारी कॅप्टन सिल्विया दोमिंगेस, जेमतेम साडेपाच फूट.

या एका खेळाडूसाठी तरी मॅच बघा. 2011 च्या चॅम्पियन टीममध्येही ती होती, नंतर 2012 ला वलेन्सियाच्या रोस कासारेसकडून आणि 2013 ला येकातेरिनबुर्गकडून युरोलीग जिंकली, म्हणजे तीन वर्षं, तीन टीम, तीन कप, वर रिओ ऑलिम्पिकचं सिल्व्हर, आणि मग परत सलामान्कालाच येऊन खेळली. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारी, नववीतली, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, सगळ्यात बुटकी. तिला वाटायचं आपल्याला उंच मुली मिळत नाहीत म्हणून इथे घेतलंय. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती. सिल्विया बॉल घेऊन आली, एक जण स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेन्सवालीची वाट अडवून उभी राहायला, वर आली, मी तिथे पॉज केलं आणि विचारलं आता काय करणार ही, सगळ्या ओरडल्या पास, पास. ही एकटीच हळू म्हणाली, "नाय, ती आधी थांबतली." आणि प्ले केलं तर खरंच अर्धा सेकंद थांबली, डिफेन्सवाली कुठे जाते ते बघितलं, मग पास. तो तुकडा आम्ही बारा वेळा तरी मागेपुढे केला असेल. मी किती वर्षं सांगतेय स्क्रीननंतर धावत सुटू नका, बघा, थांबा, पण माझ्या सांगण्याने जे होत नव्हतं ते त्या बाईच्या अर्ध्या सेकंदाने झालं.

आणि दुसरी गोष्ट तर माझीच चूक निघाली. सहावीतली एक विचारते, "बाई, तेंच्या हातात बॉल बरो बसता, आमच्या हातात कित्याक नाय?" मी म्हटलं मोठ्या आहेत त्या. पण मनात राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी आमचा बॉल उलटा करून नंबर बघितला तर सात. पुरुषांचा! बायकांचा सहा नंबरचा असतो, घेर एक इंचाने कमी, वजनालाही हलका. ज्या दुकानातून घेतला त्याला मी स्पष्ट सांगितलं होतं मुलींसाठी हवाय, तर म्हणे बॉल सगळे सारखेच. आणि मी मान डोलावली. दोन वर्षं पोरी त्या जड बॉलने ले-अप (धावत येऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट) मारत होत्या आणि मी त्यांना मनगटावरून बोलत होते. फार वाईट वाटलं मला. आता सहा नंबरचे दोन आणलेत. तुम्हीपण आज जाऊन तुमचा बॉल बघा, व्हॉल्व्हच्या आसपास नंबर छापलेला असतो.

प्रॅक्टिकल माहिती. मॅच दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरची, पण व्हिडिओ दोन तासांच्या घरात जातो, एका बैठकीत दाखवू नका, दोन क्वार्टर आज, दोन उद्या. टीव्ही असेल तर उत्तम, आमच्याकडे तिसऱ्या क्वार्टरला लाईट गेली आणि मग एका मोबाईलवर नऊ डोकी. कॉमेंट्री इंग्रजी, मी आवाज बंद करून स्वतःच बोलते, मुलींना ते जास्त आवडतं. क्वालिटी थोडी कमी ठेवली तरी जर्सीचे नंबर दिसतात, दिवसाच्या डेटात भागतं.

रोस कासारेसचं वर नाव आलं तर एक सांगायलाच हवं. 2012 ला ती टीम युरोपची चॅम्पियन झाली आणि लगेच पैसा लावणाऱ्यांनी हात काढून घेतला, वरच्या लीगमधली टीमच बंद. चॅम्पियन असताना! आपल्याकडे पुरुषांच्या कबड्डीला मंडळं बक्षिसं लावतात, मुलींच्या मॅचला चहाचे पैसे जमत नाहीत, ते इथलंच रडगाणं असं मला वाटायचं. म्हणून ते अत्तराचं दुकान इतकी वर्षं टिकून राहिलं याचं मला जास्त मोल वाटतं. सलामान्काच्या त्या हॉलचं नाव वुर्झबुर्ग, जर्मनीतल्या जुळ्या शहरावरून ठेवलेलं, तिथे एकदा जाऊन बसायची माझी फार इच्छा आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठी कापला की मुलींना नुसतं लावून देऊन चालत नाही, पॉज करणारं कोणीतरी शेजारी लागतं. दसऱ्यानंतर ग्राउंड सुकलं, पहिल्याच दिवशी आमची नववीतली बॉल घेऊन स्क्रीनपाशी आली आणि थांबली. पास चुकला, थेट कुंपणातल्या निवडुंगात गेला. पण थांबली ती.