दुसऱ्याच्या रेखाचित्रावरून चित्र करायचंय: परवानगी, जुनं चित्र की नुसती कल्पना?

कुणाचं तरी रेखाचित्र आवडलंय, त्यावरून आपलं चित्र करायचंय आणि जमलं तर प्रिंट काढून विकायचेत. अशा वेळी हमखास विचारलं जातं, ‘किती टक्के बदललं की चालतं?’ तीस टक्क्यांची गोष्ट तर सगळीकडे फिरत असते. कॉपीराइटच्या कायद्यात असा आकडाच नाही. तुम्ही किती बदललं यापेक्षा मूळ चित्रातलं काय उचललं, हे पाहिलं जातं. अमेरिकन कलाकार जेफ कून्स यांनी छायाचित्रकार आर्ट रॉजर्स यांच्या कृष्णधवल फोटोवरून रंगीत शिल्प घडवलं, कुत्र्याची पिल्लं निळी केली. माध्यमच बदललं होतं, तरी १९९२ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयात ते हरले.

म्हणजे ‘फेअर यूज’च्या, म्हणजे काही कामांसाठी परवानगीशिवाय वापर करू देणाऱ्या अमेरिकी कायद्यातल्या सवलतीच्या, भरवशावर राहायचं का? मी राहणार नाही. तो आधी मिळणारा परवाना नाही. वाद झाल्यावर मांडायचा तो बचाव आहे, आणि वकिलाची फी तुमच्या खिशातून जाते. टीका, विडंबन किंवा अभ्यासासाठी त्याला अर्थ आहे. भिंतीवर लावायच्या देखण्या प्रिंटसाठी फारसा नाही. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या गायक प्रिन्स यांच्या फोटोवरून केलेल्या चित्राचा खटला २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फोटो आणि चित्र, दोन्हींचा वापर मासिकात त्याच गायकाचं चित्र म्हणूनच होत होता, त्यामुळे वापराच्या हेतूच्या मुद्द्यावर कौल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने गेला.

कॉपीराइटची मुदत संपलेलं जुनं चित्र त्या मानाने निर्धास्त. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात. भारतात ६०, युरोपीय संघात ७०. त्यामुळे एकच चित्र एका देशात मोकळं आणि दुसऱ्या देशात बंद असू शकतं. ऑनलाइन विकणार असाल तर हे आधी तपासा. शिवाय पात्राचं जुनं रूप मोकळं झालं म्हणून नवं होत नाही: १९२८चा मिकी माउस अमेरिकेत २०२४ पासून मोकळा आहे, नंतरची रूपं नाहीत.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे चित्रकाराने काही अटींवर आधीच वापराची परवानगी दिलेलं चित्र असेल तर परवान्याची अक्षरं वाचा. ‘एनडी’ असेल तर बदललेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही, ‘एनसी’ असेल तर धंदा नाही.

उरले दोन मार्ग. तीच रचना, तीच रेषा हवी असेल तर परवानगी, आणि तीही लेखी: कुठलं चित्र, किती प्रिंट, कुठे विक्री, किती काळ, नाव कुठे येणार. मूळ कागद विकत घेतलात तरी हे विचारावंच लागतं. कागद तुमचा झाला, हक्क नाही. उत्तर आलं नाही तर तो नकारच समजा.

नाहीतर कल्पना घ्या, रेषा सोडा. समजा, वाऱ्याने छत्री उलटी झालेला म्हातारा कुणी काढलाय. वारा, छत्री, म्हातारा यांवर कुणाची मालकी नाही. पण त्याची वाकलेली पाठ, दांड्याला घट्ट धरलेली बोटं, छत्रीच्या काड्यांचा तो तिरकस पसारा, हे त्या चित्रकाराचं. मूळ चित्र बंद करा, उलटी छत्री हातात धरून कुणाला तरी समोर उभं करा आणि स्केच करा. ट्रेसिंगपेपर मात्र लांब ठेवा. विकायचं असेल तर मी बहुतेक वेळा हाच मार्ग धरेन.